बुजगावण्याचं पान आणि डफड्याचं कातडं: गावच्या वाचनालयासाठी घेतलेल्या फॅक्सिमिलींचा रिव्ह्यू

गेल्या दोन वर्षांत आम्ही वाचनालयासाठी जुन्या चित्रमय हस्तलिखितांच्या फॅक्सिमिली घेतल्या. फॅक्सिमिली म्हणजे मूळ पोथी जशी आहे तशीच छापलेली प्रत, तोच आकार, तेच रंग, मुळात डाग पडला असेल तर तोही डाग. घेण्याआधी मी मराठीत खूप शोधलं की कोणी वापरून बघून काही लिहिलंय का, कामाचं काहीच सापडलं नाही, म्हणून आमचा सगळा अनुभव लिहून ठेवते, एखाद्या गावच्या ग्रंथपालाला कामी पडेल.

आमचं गाव मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ ब क ड अशी जी वर्गवारी आहे त्यातला शेवटचा वर्ग. एक खोली, पाच कपाटं, दोन टेबलं. अनुदानातून अशी खरेदी होणं शक्यच नव्हतं. गावातल्याच एका मुलीनं, आता ती पुण्याला नोकरी करते, आईच्या नावानं ५० हजार रुपये दिले आणि एकच गोष्ट सांगितली, ताई, रोजच्या पुस्तकांत हे पैसे जिरवू नका, तालुक्यात कुठंच नाही असं काहीतरी घ्या.

आता हस्तलिखितंच का, तर रिद्धपूर आमच्यापासून जवळ. महानुभावांचं गाव, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथं, आणि पुढं पंथातल्या लोकांनी पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहून शेकडो वर्षं जपल्या, हे आपल्याकडं पोट्ट्यांना शाळेत सांगतात. शाळेची सहल घेऊन गेलो तेव्हा जुनी पोथी दुरून बघायला मिळाली, लाल कापडात बांधलेली, आणि सातवीतल्या एका पोरीनं मला विचारलं, मॅडम, अशी पोथी हातात कधी देतात? मी म्हटलं देत नाहीत बाळा, फाटेल ना. तिचं तोंड एवढंसं झालं. ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. जुनी पोथी हातात देता येत नाही हे बरोबरच आहे, पण हातात देण्यासारखी तिची प्रत तर आणता येते.

कमिटीच्या मीटिंगमध्ये मी युरोपातली जुनी हस्तलिखितं घ्यायचा विषय मांडला तर पहिला प्रश्न आला, "लॅटिन कोन वाचनार बाई आपल्या गावात?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं वाचायला नाही, बघायला आणि हात लावायला. शिवाय नुसतं बाहेरचं नाही घेणार, आपलंही घेऊ. एक तास चर्चा झाली आणि शेवटी ठराव पास झाला.

सुरुवात वाईट झाली, तीच आधी सांगते, कारण पैसे तिथंच वाया जातात.

मला लिंडिसफार्न गॉस्पेल्स पाहिजे होतं, गॉस्पेल्स म्हणजे बायबलातली येशूची चार चरित्रं. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बेटावर साधारण इ. स. ७०० च्या सुमारास लिहिलेलं, लिहिणारा एडफ्रिथ नावाचा बिशप, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली चित्रं सुंदर आहेतच पण मला ते हवं होतं दुसऱ्याच कारणासाठी. मूळ मजकूर लॅटिन, आणि दहाव्या शतकात ॲल्ड्रेड नावाच्या एका पाद्र्यानं प्रत्येक लॅटिन ओळीच्या वर बारीक अक्षरात तिथल्या लोकांच्या बोलीत, म्हणजे जुन्या इंग्रजीत, शब्दाला शब्द अर्थ लिहून टाकला. गॉस्पेलचं इंग्रजीतलं आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं भाषांतर ते हेच. मला वाचता वाचता महानुभावांचे नागदेवाचार्य आठवले, केशवराज सूरींना संस्कृतात लिहू नका म्हणाले, "नको गा केशवदेया, येणें माझिया म्हातारिया नागवतील", म्हणजे संस्कृत न कळणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या बाया यातून वंचित राहतील. किती लांबची दोन माणसं आणि काळजी एकच. हे आपल्या पोरांना एकाच टेबलावर दाखवायचं असं मी ठरवलं होतं.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडं "फुल कलर फॅक्सिमिली" लिहिलेलं दिसलं, ५,४०० रुपये, मी मागवलं. तीन आठवड्यांनी पार्सल आलं. उघडलं तर आकार मुळापेक्षा निम्मा, इंटरनेटवरचे फोटो उचलून साध्या कागदावर छापलेले, निळा रंग राखेसारखा झालेला, पानाच्या कडा कापून टाकलेल्या आणि ज्याच्यासाठी घेतलं त्या ॲल्ड्रेडच्या ओळी म्हणजे मुंग्या चिरडल्यासारखा काळा पट्टा. भिंग लावूनसुद्धा एक अक्षर लागेना. मी फोटो काढून पाठवले, उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली, आणि ती मुदत पार्सल रस्त्यात असतानाच संपलेली. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही, मेलेल्या आईच्या नावानं दिलेले पैसे होते ते. दुसऱ्या दिवशी पोरीला फोन करून सांगून टाकलं, ती म्हणाली ताई जाऊ द्या, पुढचं नीट बघून घ्या.

तेव्हापासून माझा नियम आहे, कोणाकडूनही घेण्याआधी सांगायचं की एका पानावर शाळेची पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ फोटो काढून पाठवा. पट्टीनं आकार कळतो आणि उजेडानं रंग. जो पाठवत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

दुसरी खरेदी संविधानाची. मध्ययुगातलं नाही हे मला माहीत आहे, पण हातानं लिहिलेलं आणि पानापानाला सोन्यारंगानं सजवलेलं आपल्या देशातलं सगळ्यांच्या ओळखीचं हस्तलिखित तेच, आणि आमच्या गावात हे पहिलं पाहिजे होतं. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सगळी इंग्रजी प्रत हातानं लिहिली, मोबदला घेतला नाही, फक्त प्रत्येक पानावर आपलं नाव मागितलं. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. चित्रं नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या विद्यार्थ्यांची, आणि उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची. मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेटीत आहे, पण देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात तिच्या एक हजार प्रती फोटोलिथोनं, म्हणजे फोटोवरून ठसा घेऊन, छापल्या होत्या, म्हणजे फॅक्सिमिली ही काही परदेशी चैन नाही, स्वतंत्र भारतानं सुरुवातीलाच केलेलं काम आहे. आम्ही घेतलेली नंतरची छपाई आहे, २,८०० रुपयांना, आकार मुळापेक्षा लहान, सोनेरी रंग फिका, पण अक्षर अगदी स्वच्छ वाचता येतं. १४ एप्रिलला टेबलावर उघडून ठेवली तर बाया रांग लावून उभ्या होत्या, हात धुऊन, पदराला पुसून. पोट्ट्यांना भाग १५ आवडतो, तिथं शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. कोणत्याही वाचनालयानं पहिली फॅक्सिमिली घ्यायची तर हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, चार स्टार, एक कमी केला तो फक्त आकारासाठी.

आता आयर्लंडचं बुक ऑफ केल्स, तेही गॉस्पेल्सचंच. साधारण इ. स. ८०० चं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं, ३४० पानं म्हणजे ६८० पृष्ठं, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. १००७ साली ते केल्सच्या चर्चमधून चोरीला गेलं, वरचं सोन्याचं आवरण काढून घेऊन चोरांनी पुस्तक मातीत पुरून टाकलं आणि दोन महिने वीस रात्रींनी सापडलं, असं तिथल्या बखरीत लिहिलंय. याची संपूर्ण फॅक्सिमिली १९९० ला स्वित्झर्लंडच्या फाक्सिमिले फेर्लाग लुझर्ननं काढली, १,४८० प्रती, पानांना पडलेली भोकंसुद्धा जशीच्या तशी पाडली. ती आपल्या कुवतीची नाही, असल्या प्रती लाखांत जातात. आम्ही घेतलं ते थेम्स अँड हडसनचं २०१२ चं बर्नार्ड मीहान यांचं पुस्तक, मीहान हे ट्रिनिटीतल्या हस्तलिखितांचे रखवालदारच होते. पूर्ण फॅक्सिमिली नाही, पण मुख्य मुख्य पानं मूळ आकारात आहेत आणि बारकावे मोठे करून दाखवलेत. कुरिअर धरून ६,५०० ला पडलं.

यातलं एक पान आहे, ख्रिस्ताच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचं, त्यात एवढी वेलबुट्टी आहे की पहिल्यांदा बघताना काहीच कळत नाही, नुसती भुलभुलैया. मी पोट्ट्यांना सांगितलं की यात एक पाणमांजर लपलंय, तोंडात मासा धरून, शोधा. पंधरा मिनिटं सहा डोकी त्या पानावर वाकलेली, खोलीत आवाज नाही. सापडल्यावर जी ओरड झाली ती ग्रामपंचायतीपर्यंत गेली असेल. मग मांजरी सापडल्या, त्यांच्या पाठीवर बसलेले उंदीर सापडले. तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की पोरं थेट येतात आणि अजून काही लपलंय का विचारतात.

आणि एक गोष्ट मला स्वतःला लय आवडली. केल्समध्ये सोनं अजिबात नाही. जे सोन्यासारखं चमकतं तो पिवळा रंग हरताळाचा आहे, आपल्याकडच्या पोथ्या लिहिणाऱ्यांजवळ जो असायचा तोच खनिज हरताळ. आपले लोक चुकलेल्या अक्षरावर तो फासून अक्षर पुसायचे, तिथूनच हरताळ फासणे हा वाक्प्रचार आला. तिकडं त्याचंच सोनं केलं. हे मी मराठीच्या सरांना सांगितलं तर त्यांनी दहावीच्या वर्गाला घेऊन येऊन ते पान दाखवलं.

पाच स्टार. वजन फार आहे, एका हातानं उचलू देऊ नका, एवढंच.

आता जिच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती वस्तू, आणि ती सगळ्यात लहान आहे. मोठ्या फॅक्सिमिली काढणारे प्रकाशक गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक नमुना फोल्डर काढतात, त्यात माहिती असते आणि त्या महागड्या आवृत्तीचं एखाद दुसरं खरं पान असतं, म्हणजे लाखाच्या पुस्तकाचंच पान, तोच कागद, तीच छपाई, तेच सोनं. हे फोल्डर जुन्या पुस्तकांच्या बाजारात वेगळे विकले जातात हे मला एका निवृत्त ग्रंथपाल मॅडमनी फोनवर सांगितलं, त्यांचे फार उपकार आहेत. आम्हाला पंधराव्या शतकातल्या एका प्रार्थना पुस्तकाच्या दोन पानांचं फोल्डर ३,२०० ला मिळालं.

त्या पानावर एक मोठं सोनेरी अक्षर आहे. मुळात असं अक्षर करताना खाली खडूसारख्या लेपाचा उंचवटा करायचे, त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि गुळगुळीत दगडानं नाहीतर जनावराच्या दातानं घासून घासून चकाकी आणायची. चांगल्या फॅक्सिमिलीत हे सोनं वेगळं चढवलेलं असतं, शाईनं छापलेलं नसतं. पान सपाट ठेवलं तर अक्षर तपकिरी, जवळजवळ काळं दिसतं. मग खिडकीकडं थोडं तिरपं करायचं, आणि एका ठरावीक कोनात ते एकदम पेटतं, म्हणजे दुसरा शब्दच नाही, पेटतं, समोर बसलेल्याच्या गालावर उजेडाचा ठिपका पडतो. अजून थोडं तिरपं केलं की विझतं. समईच्या उजेडात हे पान उलटताना कसं दिसत असेल, ते आम्ही एकदा लाइट गेली तेव्हा दिवा लावून बघितलं. लाइट आल्यावरही कोणी उठलं नाही.

आणि मग आबाजी आले. ऐंशीच्या घरातले, उभं आयुष्य कातडं कमावण्यात गेलं, पूर्वी विहिरीच्या मोटा शिवायचे, मग चपला. ते आले होते निराधारच्या फॉर्मवर सही करायला. टेबलावर पान होतं, त्यांनी बघितलं, म्हणाले, "हे कागद नोहे माय."

मी म्हटलं, "आबाजी, कागदच आहे, कातड्याच्या पानाची छापलेली नक्कल आहे."

त्यांनी चष्मा चढवला, पान खिडकीशी नेलं. "हे पाय, हे बारीक ठिपके हायेत न, हे केसाच्या मुळाचे. ही केसाकडची बाजू. आता पल्टव." मी पलटवलं. "ही मासाकडची. पांढरी हाय, ठिपके नाई." मग खाली बसले आणि विचारलं की हे कमावलं कशात, बाभळीच्या सालीत का? मी वाचलेलं होतं ते सांगितलं, की सालीत नाही घालत, चुन्याच्या पाण्यात भिजवतात, केस खरवडतात, मग लाकडी चौकटीला ताणून बांधून ताणातच वाळवतात आणि अर्धगोल पात्यानं तासत जातात. आबाजींचा चेहरा एकदम खुलला. "मंग हे पायतानाचं कातडं नोहेच. हे डफड्याचं कातडं हाय. डफड्याचं असंच ताणून वायवतात. कमावलं तं वाजत नाई ते."

मी आठ पुस्तकांत जे वाचलं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि ते अगदी बरोबर आहे, पार्चमेंट, म्हणजे लिहायचं कातडं, आणि चामडं यांच्यातला फरक हाच. मी त्यांना आणखी सांगितलं की युरोपातले लोक पुस्तक बांधताना केसाच्या बाजूसमोर केसाचीच बाजू आणि मासाच्या बाजूसमोर मासाचीच येईल अशा घड्या घालायचे, म्हणजे उघडल्यावर दोन्ही पानं एका रंगाची दिसतात. ते म्हणाले, "घालतीनच. नाईतं जोडी कशी दिसन?" जोडा करणारा माणूस आहे, दोन चपलांचं कातडं जुळवण्यात जन्म गेला, त्यांना हे सांगावंच लागलं नाही.

छापलेल्या नक्कलेवर कातडं ओळखणाऱ्या माणसानं केसाची बाजू ओळखली, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी त्या छपाईला देऊ शकत नाही. पाच पैकी पाच, आणि बजेट अगदीच कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि असं एक फोल्डर शोधा.

पाचवी वस्तू फ्रान्सच्या द्यूक द बेरी या बड्या सरदाराचं प्रार्थना पुस्तक, त्रे रिश अर. लिंबुर्ग आडनावाच्या तीन भावांनी १४१२ च्या सुमारास काढायला घेतलं, १४१६ ला तिघंही भाऊ गेले आणि तो द्यूकही त्याच वर्षी गेला, काम अर्धवट राहिलं, ते पुढं बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या चित्रकारांनी पुरं केलं. मूळ पुस्तक शांतिईच्या म्युझियममध्ये आहे, १८५६ ला द्यूक दोमालनी विकत घेतलं होतं, आणि संग्रह देताना त्यांनी अट घातली की यातलं काही बाहेर न्यायचं नाही. लुझर्नवाल्यांची संपूर्ण फॅक्सिमिली १९८४ ची, ९८० प्रती. आम्हाला मिळाली ती निवडक पानांची जुनी सेकंडहँड आवृत्ती, ९,००० ला, त्यात बारा महिन्यांची बारा चित्रं मूळ आकारात आहेत, २९ बाय २१ सेंटीमीटरची.

आता हे बारा महिने म्हणजे काय आहे, तर शेती आहे. मार्चमध्ये दोन बैलांचा नांगर, नांगऱ्याच्या हातात लांब तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी. फेब्रुवारीत बर्फ पडलंय आणि लोक चुलीपुढं शेकत बसलेत. जूनमध्ये गवत कापणं चालू आहे, सप्टेंबरात द्राक्षाची तोडणी. मागं राजवाडे उभे, पुढं वावरात माणसं राबतात.

ऑक्टोबरचं पान उघडं होतं आणि आमच्याकडं रोज सकाळी कापसाचे भाव बघायला येणारे एक काकाजी पेपर ठेवायला टेबलाशी आले, तिथंच थांबले.

"अवो बाई, हे बुजगावनं हाय न?"

हो म्हटलं. वावराच्या मधोमध धनुष्यबाण घेतलेल्या माणसाचं बुजगावणं आहे, आणि भोवती दोऱ्या ताणून त्यांना पिसं बांधलीत. काकाजींनी खुर्ची ओढली. "अन् हे पाहा, वखरावर गोटा ठेवला यानं. म्हंजे जमीन टनक हाय त्याची, वखर खाली बसून नाई राह्यला." मी ते चित्र त्याआधी शंभर वेळा बघितलं असेल, घोड्यामागच्या त्या दातेरी औतावरचा दगड मला दिसलाच नव्हता. मग पेरणाऱ्याकडं बोट, "हा हातानं फेकून राह्यला, अन् मांगं पाखरं वेचून राह्यले, याचं ध्यानच नाई. तिफन नव्हती काय यायच्यापाशी?" खरंच नव्हती. तिफनीसारखं पेरणीचं औजार तिकडं रुळायला अठरावं-एकोणिसावं शतक उजाडलं, आपल्याकडं ते त्याच्या कितीतरी आधीपासून. काकाजींनी हे ऐकून पान पुन्हा एकदा नीट बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिघांना घेऊन आले. आता दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही त्या महिन्याचं पान उघडून ठेवतो, आणि तिथल्या महिन्यात काय चाललंय आणि आपल्या वावरात काय चाललंय यावर बोलणं होतं. लॅटिन कोण वाचणार म्हणणारे सदस्यही तिथंच बसलेले असतात.

प्रतीबद्दल बोलायचं तर सोनं सपाट आहे, साध्या सोनेरी शाईचं, नमुना फोल्डर बघितल्यावर ते डोळ्यात भरत नाही. मजकुराची पानं फार कमी. पण निळा रंग अजूनही असा गडद आहे की पोरी त्यावर बोट ठेवून बघतात. साडेचार स्टार.

तो निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडाचा, बदख्शानच्या खाणीतला, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला. आणि तोच निळा रंग आमच्या सहाव्या वस्तूत आहे, पंधराव्या शतकातल्या जैन कल्पसूत्राच्या, म्हणजे तीर्थंकरांच्या चरित्रांच्या पोथीच्या, प्रतिकृतीत. एकाच डोंगरातला दगड एका बाजूला फ्रान्सला गेला आणि दुसऱ्या बाजूला गुजरातेत आला, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली की हे सांगायला नकाशा लागत नाही. विदर्भातही कारंजा लाडला जैन ग्रंथभांडार आहे, तिथल्या अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या विसाव्या शतकात संपादन होऊन छापल्या गेल्या, म्हणून हे घेताना परकं वाटलं नाही.

१३,००० लागले, सगळ्यात महाग हेच. लाकडी पेटी, सुटी आडवी पानं, लाल कापडाचं बासन. एक बारकावा बघा, पानाच्या मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना लाल ठिपके आहेत. पूर्वी पोथ्या ताडपत्रावर असायच्या, तिथं दोरा ओवायला भोकं पाडावी लागायची. पुढं कागद आला, दोरा ओवायची गरज संपली, पण लिहिणाऱ्याच्या हाताला भोकाची जागा सोडायची सवय होती, म्हणून त्यानं तिथं ठिपका काढला. पानाचा आकारसुद्धा ताडपत्राचाच राहिला. पेटीची बिजागरी मात्र महिन्यात निखळली, गावच्या सुतारानं नवीन बसवून दिली. छपाई उत्तम, पेटी कच्ची, चार स्टार.

काही लोक म्हणतात की हे सगळं मोबाइलवर फुकट दिसतं तर पैसे कशाला घालवायचे. दिसतं हे खरं आहे, आणि जरूर बघावं. ट्रिनिटीनं केल्स नेटवर टाकलंय, मेवाड रामायणाची लंडन आणि मुंबई अशी विखुरलेली पानं २०१४ ला नेटवर एकत्र आणली, मी स्वतः तासन्‌तास बघते. पण २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली हस्तलिखितं महिनोन्‌महिने नेटवर दिसेनाशी झाली. आमच्याकडं तर हल्ला व्हायची गरज नाही, वारा सुटला की टॉवर जातो. आणि सहा इंचाच्या स्क्रीनवर आबाजींना केसाची बाजू दाखवता आली नसती.

सांभाळण्याबद्दल थोडं. आमच्याकडं मे महिन्यात ४५ अंश होतं, केल्सच्या पुस्तकाचा पुठ्ठा पहिल्याच उन्हाळ्यात फाकला. जुन्या युरोपी पुस्तकांना बाजूनं धातूच्या कड्या का असायच्या ते तेव्हा कळलं, कातड्याची पानं हवेनं फुगतात, आखडतात, त्यांना दाबून धरावं लागतं. आता आम्ही कपाटात आडवं ठेवतो, वर पाट. कपाट लोखंडी, भिंतीपासून चार बोटं दूर, वाळवीमुळं. हातमोजे देत नाही, मोज्यांनी पान नीट पकडता येत नाही आणि फाटतं, मोठमोठ्या ग्रंथालयांतही आता स्वच्छ कोरडे हातच बरे मानतात. नळ, साबण आणि सुती पंचा दाराशीच ठेवलाय. सुताराकडून १,८०० रुपयांत उतरतं स्टँड करून घेतलं, पुस्तक पूर्ण सपाट उघडलं की पाठ तुटते, स्टँडवर तुटत नाही. बाहेरून मागवणार असाल तर २०१९ च्या बजेटपासून आयात पुस्तकांवर ५ टक्के कस्टम ड्यूटी आहे ते हिशेबात धरा, आणि बिल वाचनालयाच्या नावानं घ्या, नाहीतर ऑडिटला उत्तर देताना त्रास होतो.

एकूण ४१,७०० झाले. शिल्लक ८,३०० आहेत. आबाजींनी आता विचारलंय की हे पुस्तक पाठीकडून शिवतात कसं, दोरा कुठून कुठं जातो, फळी कशी अडकवतात, ते दिसेल असं काही आणा. पाठ उघडी ठेवलेली, शिलाई आणि दोरखंड दिसणारी बांधणीची प्रतिकृती एवढ्या पैशात कोणाकडं मिळत असेल, किंवा कोणी करून देत असेल, तर सांगा. पट्टी ठेवून काढलेला फोटो आधी लागेल.